शब्दांचं माहेर

आमच्या बचतगटात एकाच नावाच्या दोघी आहेत. एकदा एकीचा हप्ता मी दुसरीच्या पासबुकात लिहिला. पैसे भरूनही ती बिचारी भर बैठकीत थकबाकीदार ठरली. तेव्हापासून मी नुसतं नाव बघत नाही, खातं बघते.

शब्दांचंही तसंच आहे. 'साला' ऐकून हसू नका, ही शिवी नाही! फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत साला म्हणजे पाहुण्यांची बैठकीची खोली. तिथेच साला म्हणजे चूक, पापसुद्धा. पापाचा शब्द त्यांचा घरचा. खोलीचा मात्र स्पॅनिश लोकांबरोबर आला. त्यांचं राज्य तिथे १५६५ ते १८९८ होतं.

स्पॅनिशला तो मिळाला जुन्या जर्मानिक भाषांकडून. म्हणून स्वीडिशमधला 'साल', म्हणजे मोठं दालन, हा त्याचा भाऊबंद. लात्व्हियात जर्मन जमीनदारांचं शतकानुशतकं वर्चस्व होतं. तिथे जर्मनमधून तोच शब्द 'झाले' होऊन दालनासाठी रुळला. आणि लात्व्हियन भाषेतही 'साला' आहेच, पण त्याचा अर्थ बेट! नाव तेच, कूळ निराळं.

आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांची 'साल' पोर्तुगीजांकडून आली. तीही त्याच दालनाची लेक.

तेव्हा सारख्या आवाजावरून सोयरीक जोडू नका. शब्द कुणाबरोबर, कुठल्या वाटेनं आला ते विचारा. आणि हो, पासबुकात लिहिताना खाते क्रमांक वाचा.