हँडल आण! : सेल्फ, डायनमो आणि उतरलेल्या बॅटरीची गोष्ट

आजचा भाग घरातूनच सुरू करतो.

मागच्या जानेवारीत, पहाटे तीनच्या सुमारास, आमच्या आजोबांना धाप लागली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पिंपळगाव बसवंतच्या बाहेर मळ्यात आमची वस्ती आहे. निफाड तालुक्यातली थंडी तुम्ही बातम्यांत ऐकली असेल, पारा चार-पाच अंशांवर उतरला की आमचं नाव टीव्हीवर येतं. त्या रात्री आसपासच्या द्राक्षबागांत मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटवलेल्या होत्या. अण्णांना मागच्या सीटवर बसवलं, मी चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मंद झाले आणि गेले.

मागून अण्णा धापा टाकत म्हणाले, "हँडल आण रे. हँडल मार."

आता आमच्या या गाडीला हँडल कुठून येणार? पण त्यांच्या डोक्यात अजून जीपच होती. शेवटी शेजारच्या वस्तीवरून पिकअप आला, त्यात बसवून नेलं. आठवडाभर दवाखान्यात राहून अण्णा घरी आले, आता ठणठणीत आहेत. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नव्हता. गाडी चार वर्षांची, सर्व्हिसिंग वेळेवर, आणि मुख्य म्हणजे रोज वापरात. महिनाभर उभी असती तर समजलो असतो. रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी उतरतेच कशी? हे शोधता शोधता मी सव्वाशे वर्षं मागे गेलो, आणि तिथे खरंच हँडल सापडलं.

बॅटरी ही गाडीपेक्षा जुनी आहे. शिसं आणि गंधकाम्ल यांची, परत परत चार्ज होणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. कार्ल बेंझ यांच्या मोटारगाडीचं पेटंट त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८६ चं. पण सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या सुरू करायला बॅटरी नव्हती, दंड होता. समोर उभं राहून लोखंडी हँडल इंजिनात अडकवायचं आणि झटका द्यायचा. इंजिन उलटं फिरलं तर ते हँडल मनगट मोडायचं, कधी जबडा. अण्णा सांगतात, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. आणि खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. उलटं आलंच तर हात सुटून जातो. हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. गॅरेजवाल्यानं शिव्या देऊन शिकवलं.

अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांचा एक मित्र असाच हँडलचा मार लागून गेला, म्हणून त्यांनी हँडल घालवायचं ठरवलं, असं सांगतात. हे काम ज्यानं केलं तो माणूस फार मजेशीर. चार्ल्स केटरिंग. हा आधी दुकानातला गल्ला बनवायच्या कंपनीत होता, ओहायोतल्या डेटन गावी. तिथे त्यानं गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. आता गल्ला दिवसभर फिरत नाही. बटण दाबलं की क्षणभर जोर लागतो, मग शांत. म्हणजे मोटर छोटी चालते, तिच्याकडून क्षणभर ताकदीबाहेर काम करून घ्यायचं आणि लगेच सोडून द्यायचं.

हाच विचार त्यानं गाडीला लावला. इंजिन सतत फिरवू शकेल अशी मोटर घ्यायची तर ती इंजिनाएवढी होईल, पण आपल्याला फक्त दोन-तीन सेकंदच फिरवायचंय. १९११ मध्ये त्यानं हे करून दाखवलं आणि कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ आला. आपण आजही म्हणतो ना, "सेल्फ मार", तो हा. त्या पहिल्या यंत्रात एक गंमत होती. तीच मोटर इंजिन सुरू झाल्यावर डायनमो बनायची आणि बॅटरी परत भरायची. आधी घ्यायचं, मग फेडायचं, तेही एकाच यंत्रानं.

सगळा मामला इथेच आहे. सेल्फ म्हणजे उसनवारी. बॅटरी एका दमात मोठी रक्कम देते आणि गाडी पुढच्या रस्त्यावर ती हप्त्याहप्त्यानं परत करते. यात एक अट आहे, ती कुणी मोठ्यानं सांगितली नाही, कारण सांगायची गरजच नव्हती. पुढे रस्ता हवा. १९१२ साली गाडी काढून कोपऱ्यावर कोण जात होतं?

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या निघू लागल्या. त्याच साली महिंद्रांनी विलिस जीप जोडायला घेतली. पुढे फियाट ११०० आली, तीच नंतर पद्मिनी झाली. बॅटरीही इथेच बनू लागली, बंगालात शामनगरला १९४६ मध्ये आणि आपल्या चिंचवडला १९६९ मध्ये. या जुन्या गाड्यांना सेल्फ होता, तरी हँडलची जागा ठेवलेली असायची, कारण चार्जिंगवर कुणाचा भरवसा नव्हता. फियाटमध्ये, जीपमध्ये डायनमो असायचा. इंजिन हळू फिरत असलं की डायनमो जवळपास काही देत नाही. सिग्नलला उभे राहिलात की लाल दिवा लागायचा.

अण्णांची पेट्रोल जीप अशीच. पण हिवाळ्यात बॅटरी मलूल असली तरी हँडल मारून चालू व्हायची. का? कारण हँडल मारताना इंजिन फिरवायचं काम माणूस करतो. बॅटरीला फक्त कॉइलपुरता थोडासा करंट द्यायचा असतो, तेवढा जीव तिच्यात असतोच. आणि एकदा चालू झाली की जीप आग्रा रोडनं थेट नाशिकला जायची, तीस किलोमीटर, तेही रमतगमत. कमकुवत डायनमोलाही भरपूर वेळ मिळायचा.

मग अल्टरनेटर आला. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर क्रायस्लरनं १९६० मध्ये व्हॅलिअंट गाडीत तो बसवला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. हा इंजिन सावकाश फिरत असतानाही चार्ज करतो. त्यामुळे वाटलं, सुटलो. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, समोरून हँडल घालायला वाटच नाही. तेव्हापासून आपल्या घरातल्या गाड्यांतून हँडल गेलं. धक्का मारायची सोय राहिली होती, तीही आता अर्धीमुर्धी आहे. नव्या डिझेल गाडीला डिझेल सोडायलासुद्धा वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर दहा माणसं लावून ढकला, ती ढिम्म.

आता आमच्या गाडीचा हिशोब सांगतो. हा मी वहीवर मांडला तेव्हा मला धक्का बसला. डिझेल इंजिनाचा सेल्फ समजा ३०० अँपिअर घेतो, तीन सेकंद. बॅटरीच्या भाषेत हे पाव अँपिअर-तास होतात, ६० च्या बॅटरीत काहीच नाही. अल्टरनेटरनं दहा अँपिअर दिले तर दीड मिनिटात फिटलं! मग माझी बॅटरी का मेली?

कारण चोर सेल्फ नाहीच. वस्ती ते मार्केट तीन किलोमीटर. टोमॅटोच्या सीझनमध्ये दिवसातून पाच-सहा खेपा. कॅरेट मोजायला जा, लिलावाला जा, पट्टी घ्यायला जा. लिलाव चालू असताना इंजिन बंद, गाणी चालू, दोन फोन चार्जिंगला. रात्री परत येताना हेडलाइट आणि ब्लोअर, अल्टरनेटरची बरीचशी कमाई तिथेच जाते. गाडी उभी असतानाही घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर थोडं थोडं खात असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे चार-पाच वेळा सेल्फ मारल्याएवढं. (२०२० च्या लॉकडाउनमध्ये महिना-दीड महिना उभ्या गाड्या का उठल्या नाहीत, तेही याच हिशोबात आलं.)

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शिशाची बॅटरी भरते तीच मुळी हळू. पहिला भाग पटकन भरतो, शेवटचा वीस टक्के भरायला तास लागतात. थंडीत आणखी हळू. सात-आठ मिनिटांच्या खेपांत ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण साचतात. लगेच चार्ज झाली तर ते विरघळतात. तसेच राहिले तर कडक खडे होतात, आणि तेवढी प्लेट कायमची गेली. सोसायटीच्या कर्जाचं आपण नवं-जुनं करतो ना, कागदावर फिटतं पण मुद्दल तिथंच, अगदी तसं वर्षभर चाललं होतं. थंडीची रात्र आली तेव्हा जमा काहीच नव्हती. शून्य अंशाच्या आसपास चांगली बॅटरीसुद्धा जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गमावते, आणि थंड, घट्ट तेल ढवळायला सेल्फला जोर जास्त लागतो.

तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रिक गाडी घे, भानगडच नको. तीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर खालची भलीमोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. १९०० च्या आसपास इलेक्ट्रिक गाड्या खपायच्या त्या हँडल मारायला नको म्हणून, आणि केटरिंगच्या सेल्फनं त्यांचा बाजार उठवला. इतिहासाला विनोदबुद्धी आहे असं माझं मत आहे.

आमच्याकडे आता दोन बदल झालेत. मार्केटच्या खेपा मोटारसायकलवर, आणि गाडी रविवारी वणीपर्यंत जाऊन येते, मध्ये कुठेही बंद न करता. गावातल्या वायरमनकडून साधा मीटर आणलाय. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. नवी बॅटरी टाकल्यापासून मी १२.४ च्या खाली जाऊ दिलेली नाही. अण्णा या मीटरला हसतात.

त्यांच्या जीपचं हँडल आमच्या शेडमध्ये पत्र्याला टांगलेलं आहे, गंज चढलाय पण वाकलेलं नाही. तुमच्या घरात, खळ्यात, गॅरेजच्या कोपऱ्यात असं हँडल असेल तर फोटो पाठवा, आणि ते कुणी, कोणत्या गाडीला, कुठल्या रात्री मारलं तेही लिहा. पुढच्या भागात वाचून दाखवतो.