पिवळा पट्टा, हिरवा पट्टा: वसई-विरारच्या नगररचनेचा इतिहास

महाराष्ट्रातील शहरांनी आपल्या भावी वस्तीची तजवीज कशी करावी हे ज्या कायद्याने ठरते, तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली संमत झाला आणि ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. त्यापूर्वी मुंबई इलाख्यात १९१५ चा नगररचना कायदा होता. पण त्याचा आवाका एकेका वसाहतीपुरता, म्हणजे जमिनीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची फेरमांडणी करून रस्त्यांना आणि गटारांना जागा काढून देणाऱ्या ‘नगररचना योजने’पुरता होता. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर आपल्या संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा तयार करण्याचे बंधन घातले, तरी हद्दीबाहेर काय चालले आहे हे पाहण्याची सोय त्यातही नव्हती, आणि मुंबईची वाढ तर नेमकी हद्दीबाहेरच होऊ लागली होती. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख यांचा एकत्र विचार करण्याची शिफारस केली. नव्या कायद्याच्या नावात ‘प्रादेशिक’ हा शब्द आला तो या विचारातूनच. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली आणि वसई तालुक्याचा दक्षिण भाग तिच्या कक्षेत आला.

या कायद्याची घडण समजून घेतल्याखेरीज वसई-विरारचा पुढचा इतिहास उलगडत नाही. अधिनियमाच्या कलम २१ नुसार नियोजन प्राधिकरणाने विकास आराखडा तयार करायचा, कलम २३ नुसार तसा इरादा जाहीर करायचा, कलम २५ नुसार जमिनीचा आज प्रत्यक्ष कशासाठी वापर होतो आहे हे दाखवणारा विद्यमान भूवापर नकाशा करायचा, प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवायच्या, त्यांची सुनावणी घ्यायची आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी घ्यायची, असा हा क्रम आहे. आराखड्यात काय असावे हे कलम २२ सांगते: कोणती जमीन निवासी, कोणती औद्योगिक, कोणती शेतीची, आणि शाळा, इस्पितळ, मैदान, मलनिःसारण यांसारख्या सार्वजनिक कामांसाठी कोणते भूखंड राखून ठेवायचे. भावी लोकसंख्येचा अंदाज बांधला जातो तो मुख्यतः इतक्या माणसांमागे इतकी एकर मैदाने, इतक्या शाळा असा हिशेब जमवण्यासाठी. घरे किती लागतील, ती कोणत्या मिळकतीच्या कुटुंबांना परवडतील आणि ती बांधणार कोण, या प्रश्नांची आकडेवार उत्तरे देण्याची सक्ती मात्र आराखड्यावर नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६९ मध्येच प्रत्येक शहराच्या नियोजनात घरांच्या गरजेचा स्वतंत्र भाग बंधनकारक केला, आणि पुढे कोणत्या शहराने किती घरांना वाव द्यायचा याचे वाटपही तिथे होऊ लागले; तिथली घरटंचाई त्याने मिटली असे नव्हे, पण प्रश्न निदान कायद्याच्या भाषेत विचारला गेला. महाराष्ट्राचा कायदा जमिनीचा रंग ठरवतो. नकाशावर निवासी पट्टा पिवळा आणि शेतीचा हिरवा असतो. पिवळ्यावर घरे आपोआप उभी राहतील, असे त्यात गृहीत धरलेले असते.

वसईत या गृहीतकाची गाठ एका फार जुन्या मुलखाशी पडली. सोपारा हे प्राचीन बंदर. तिथल्या स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोहोचली, तरीही पुढची कित्येक दशके रुळांच्या पश्चिमेकडील पट्टा हा वाड्यांचा मुलूख राहिला. वाडवळ, सामवेदी, भंडारी, कोळी, कुपारी अशा समाजांच्या या मुलखात केळी, पानवेली, फुले आणि भाजी पिकत असे, आणि उन्हात वाळवलेली सुकेळी ही वसईची खास ओळख होती. समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या या जमिनीत गोडे पाणी टिकते ते पावसाळ्यात जिरवलेल्या पाण्याच्या बळावर. म्हणून वाडीच्या कडेला बावखल खणलेले असे. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे, बिनबांधणीचे मोठे तळे: त्यातून रहाटाने वाडीला पाणी देता येई आणि त्याचा पाझर आसपासच्या विहिरी गोड ठेवी. नकाशावरच्या हिरव्या रंगाखाली पाण्याची अशी एक घडी बसलेली होती, आणि ती सातबाऱ्यावर कुठेच नोंदलेली नव्हती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हिरव्या पट्ट्यातील मोठे क्षेत्र नागरी वापरासाठी खुले करण्याचे धोरण राज्य शासनाने स्वीकारले, आणि वसईच्या विहिरींतील पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागले. त्याविरुद्ध ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी याच दिब्रिटोंची निवड झाली होती. या चळवळीला अनेकदा केवळ विकासविरोधी ठरवले गेले, पण तो शिक्का उथळ आहे. समितीचा आक्षेप घरांना नव्हता, ज्या जमिनीचे पाणी आधीच मोजके आहे तिच्यावर पाण्याचा हिशेब न करता वस्ती लादण्याला होता.

१४ मे १९९० रोजी शासनाने सिडकोला वसई-विरार उपप्रदेशाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. विशेष नियोजन प्राधिकरण म्हणजे एखाद्या अधिसूचित क्षेत्रापुरते, तेथील नगरपालिका व ग्रामपंचायतींऐवजी, आराखडा करण्याचे आणि बांधकाम परवानगी देण्याचे अधिकार असलेली संस्था. नवी मुंबई वसवणारी संस्था आता वसईही वसवणार असे वरकरणी वाटले, परंतु दोन्हीकडच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक होता. नवी मुंबईत जमीन संपादन करून सिडकोच्या ताब्यात दिलेली होती. भूखंड विकून त्या पैशातून रस्ते, पाणी आणि अल्प उत्पन्न गटाची घरे उभारणे तिला शक्य होते. वसई-विरारमध्ये जमीन शेकडो खातेदारांची राहिली आणि सिडकोच्या हाती नकाशा व परवानगीचा शिक्का एवढेच आले. २००१ ते २०२१ या कालावधीसाठीचा विकास आराखडा शासनाने ९ फेब्रुवारी २००७ रोजी मंजूर केला, म्हणजे ज्या वीस वर्षांसाठी तो होता त्यांतली सहा वर्षे मंजुरीपूर्वीच सरली होती.

ही सहा वर्षे थोडीथोडकी नव्हती. २००१ च्या जनगणनेत एकट्या नालासोपाऱ्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८४ हजार होती. २०११ मध्ये वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली दिसते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाल्यामुळे हद्दीचा फरक यात आहेच, पण मुख्य कारण मुंबईतील घरांच्या किमती आणि विरार लोकलचा पास यांच्यातील तफावत हेच होते. अंधेरी-गोरेगावला कामाला जाणाऱ्या माणसाला परवडेल ते घर पिवळ्या पट्ट्यातील मंजूर इमारतीत नव्हते. ते नालासोपारा पूर्वेला, वालीव-पेल्हारच्या बाजूला, बैठ्या चाळीत होते. ही ‘रूम’ विकली जाते ती स्टॅम्पपेपरवर नोटरी करून. तिला मंजूर नकाशा नसतो, भोगवटा दाखला, म्हणजे बांधकाम परवानगीप्रमाणे पूर्ण झाल्याचा व राहण्यास योग्य असल्याचा दाखलाही नसतो, पण तिचा हप्ता पगारातून भागतो.

आरक्षणांची कथा याच्याशीच जोडलेली आहे. आराखड्यात भूखंड राखून ठेवला म्हणजे तो सरकारी होत नाही. तो संपादन करावा लागतो किंवा मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे इतरत्र तेवढे जादा बांधकाम करण्याचा हक्क, द्यावा लागतो. दहा वर्षांत असे काहीच झाले नाही तर कलम १२७ नुसार मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा आणि २०१५ मध्ये चोवीस महिने झाली. मधल्या काळात भूखंड मोकळा पडलेला असतो, आणि वसई-विरारसारख्या ठिकाणी मोकळ्या जागेला भूमाफिया लवकर गाठतात. नालासोपारा पूर्वेला मलनिःसारण प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या क्षेत्रात अशाच ४१ इमारती उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि २०२५ च्या आरंभी पाडकाम पुरे झाले तेव्हा दोन हजारांहून अधिक कुटुंबे बेघर झाली होती.

याच शहरात उलट चित्रही होते. म्हाडाच्या कोकण मंडळाने विरार-बोळिंज येथे उभारलेल्या प्रचंड वसाहतीतील हजारो घरे सोडतीमागून सोडती काढूनही विकली जात नव्हती, आणि त्याचे एक मोठे कारण पाणी हे होते. शहराचा भार मुख्यतः सूर्या धरणाच्या पाण्यावर असून उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड ही धरणे त्या मानाने लहान आहेत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या प्रादेशिक योजनेतून वसई-विरारच्या वाट्याचे १८५ दशलक्ष लिटर पाणी येऊ लागल्यावरच त्या घरांना गिऱ्हाईक मिळू लागले. २०१३ मध्ये शासनाने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पांतील २० टक्के वाटा अल्प व अत्यल्प उत्पन्न गटाच्या लहान घरांसाठी ठेवण्याचा नियम केला. परवडणाऱ्या घराचा प्रश्न नियमावलीत शिरला तो असा. पण मंजुरी घेऊन बांधणाऱ्यालाच तो लागू असल्याने चाळी बांधणाऱ्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते.

पश्चिमेकडील गावांनी महापालिकेत जाण्यालाच विरोध केला, कारण ग्रामपंचायत गेली की हिरवा पट्टाही जाईल अशी त्यांना धास्ती होती. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये शासनानेच ती गावे महापालिकेत ठेवण्याची भूमिका घेतली. दरम्यान जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्याखाली राहिले. महापालिकेने कारणे शोधण्यासाठी आयआयटी मुंबई आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) यांची सत्यशोधन समिती नेमली.

आराखड्याचे क्षितिजवर्ष २०२१ सरले. कलम ३८ नुसार अमलात आल्यापासून वीस वर्षांत त्याची सुधारणा व्हावी लागते, म्हणजे २०२७ पर्यंत; तोवर परवानग्या २००७ च्याच नकाशावरून दिल्या जाऊ शकतात. सुधारित आराखड्याची सुरुवात मात्र कायद्याप्रमाणे विद्यमान भूवापर नकाशापासूनच होते, आणि त्यात परवानगी काय होती हे नव्हे, तर जागेवर काय आहे हे दाखवायचे असते. मोजणीदार धानीव-पेल्हारच्या ज्या गटात जाईल तिथे जुन्या नकाशात हिरवा रंग असेल आणि समोर चाळींच्या रांगा, पाण्याची पिंपे आणि वीजमीटरच्या पेट्या असतील. त्या गटाची नोंद त्याला ‘विद्यमान निवासी’ अशीच करावी लागेल.