हिवाळ्यातील कॅरॅव्हॅन प्रवास : पाणी गोठू नये म्हणून घ्यावयाची दक्षता

छत्तीसगडमधील भिलाईत हिवाळ्यातही नळाचे पाणी गोठत नाही. मात्र त्याच राज्यात सरगुजा जिल्ह्यातील मैनपाटच्या पठारावर थंडीच्या लाटेत गवतावर दवाचा बर्फ साचतो. काश्मीरमध्ये तर परिस्थिती अधिक कठीण असते. २१ डिसेंबर २०२४ रोजी श्रीनगरचे तापमान उणे ८.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि अनेक भागांतील जलवाहिन्या गोठल्या. मैदानी प्रदेशातून कॅरॅव्हॅन घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या पर्यटकांना वाहनातील पाण्याच्या यंत्रणेची विशेष काळजी घ्यावी लागते.

नळ्या का फुटतात?

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत बर्फाचा अडसर तयार झाला की त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो व नळी तडकते. बर्फ वितळल्यानंतर गळती सुरू होते, तेव्हाच हे नुकसान लक्षात येते.

रेल्वेचा उपाय

६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर या मार्गावर वंदे भारत गाडीचे उद्घाटन झाले. या मार्गावरील चिनाब पुलासाठी भिलाई पोलाद कारखान्यातूनही पोलाद पुरवण्यात आले होते. या गाडीच्या पाण्याच्या टाक्यांना उष्णता देणारे सिलिकॉनचे पट्टे बसवले असून नळ्याही तापवल्या जातात. गाडी उभी असताना नळ्यांतील पाणी आपोआप निचरून जाण्याची सोय आहे. उष्णता देणे आणि वापर नसताना पाणी काढून टाकणे, ही दोन्ही तत्त्वे कॅरॅव्हॅनलाही लागू पडतात.

कोणती काळजी घ्यावी?

* टाकी व उघड्यावरील नळ्यांना उष्णतारोधक आवरण घालावे. शक्य असल्यास विजेवर तापणारी पट्टी गुंडाळावी.
* बाहेरून पाणी भरण्याची नळी रात्री काढून रिकामी करावी.
* नळ्या असलेल्या कपाटांची दारे रात्री उघडी ठेवावीत, म्हणजे आतील ऊब तेथवर पोहोचते.
* वाहन वापरात नसल्यास टाकी, पंप व गिझर रिकामे करून सर्व तोट्या उघड्या ठेवाव्यात.
* गोठणरोधक द्रव वापरायचा झाल्यास पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेसाठी बनवलेला प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त द्रवच घ्यावा. इंजिनासाठी वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

नळी गोठल्यास

तोटी उघडी ठेवून गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, तोटीच्या बाजूपासून सुरुवात करून नळी हळूहळू तापवावी. उघडी ज्योत वापरू नये. वाहनात ऊब राहावी म्हणून बंद दारांआड शेगडी पेटवणे हा सर्वांत मोठा धोका ठरतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला गंध नसतो आणि झोपेत असलेल्या व्यक्तीचा त्यामुळे मृत्यू होऊ शकतो. फुटलेली नळी बदलता येते. म्हणूनच अशा वेळी पाण्याची यंत्रणा रिकामी करून मुक्कामासाठी जवळच्या निवाऱ्याचा आश्रय घेणे श्रेयस्कर ठरते.