अण्णा साळुंके : मूकपटातील स्त्रीभूमिकेचा एक अध्याय

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यातील तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ग्रँट रोडवरील उपाहारगृहात दरमहा दहा रुपयांवर राबणाऱ्या या तरुणाला फाळक्यांनी पंधरा रुपयांवर आणले, ही हकीकत चित्रपटविषयक लेखनात वारंवार येते. तथापि तिच्या रंजकतेमुळे साळुंके ‘पहिली नायिका झालेला पुरुष’ एवढ्या कुतूहलापुरतेच उरले.

स्त्रिया मिळेनात म्हणून पुरुष घेतला, हे स्पष्टीकरण १९१३च्या प्रारंभापुरते खरे आहे. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती, तर त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाल्या. असे असूनही १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये फाळक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनाच दिल्या. भारतीय चित्रपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. तेव्हा या निवडीमागे केवळ अडचण नव्हती; स्त्रीपार्टी नटाला सहज स्वीकारणारी प्रेक्षकांची सवयही होती, असे म्हणावे लागते.

ही सवय रंगभूमीने घडविली होती. १९१३ मध्येच गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. मात्र बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाला गायनाचा व वाणीचा आधार होता. साळुंक्यांपाशी यांपैकी काहीच नव्हते. मूकपटात आवाज नाही आणि कॅमेरा तर रंगमंचाहून अधिक जवळून पाहणारा. त्यामुळे सारा भार मुद्रा, हातांची हालचाल आणि देहाची ठेवण यांवर पडला. साळुंक्यांच्या स्त्रीभूमिकेला रंगभूमीचे निव्वळ अनुकरण म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

पुढे साळुंके छायाचित्रणाकडेही वळले. कॅमेऱ्यासमोरून कॅमेऱ्यामागे झालेला हा प्रवास, चित्रपट हा स्वतंत्र व्यवसाय होत असल्याचे सुचवितो. १९३१ मध्ये ‘आलमआरा’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि मुद्राभिनयावर उभी असलेली ही कला मागे पडली.

या कलेचे मूल्यमापन मात्र अवघड आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा काहीच भाग आज उपलब्ध असून तो १९१३च्या मूळ चित्रपटाचा की १९१७च्या पुनर्निर्मितीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘लंकादहन’चेही केवळ तुकडेच शिल्लक आहेत. ज्या नटाची वाणी त्याच्या माध्यमाने वगळली, त्याची आकृतीही फितीच्या ऱ्हासाने बव्हंशी पुसली गेली. मराठी नाट्येतिहासात बालगंधर्वांचे स्थान निर्विवाद आहे. त्याच काळातील या दुसऱ्या स्त्रीरूपाची नोंद मात्र गमतीदार आख्यायिकेपलीकडे जाऊन घेणे आवश्यक ठरते.