लक्ष्मीचे परदेशी नाव

एखाद्या धंद्याचा संस्थापक कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर आपण सामान्यतः कंपनीच्या नोंदणीपत्रात शोधतो. तेथे ज्यांच्या सह्या असतील ते संस्थापक, हा कायद्याचा हिशेब सरळ आहे. तो नेहमीच पुरा पडतो असे मात्र नाही. मुंबईच्या लॅक्मे कंपनीचेच उदाहरण घ्या. १९५२ साली ती स्थापन झाली तेव्हा तिचे जन्मदाते टाटांच्या कचेरीत बसले होते. परंतु क्रीम, लोशन आणि पावडर ह्यांचा तो धंदा जिने खऱ्या अर्थाने उभा केला, त्या बाईचा त्या वर्षी ह्या देशाशी काडीचाही संबंध नव्हता. आजचे माझे चार शब्द तिच्याविषयी, म्हणजे सिमोन टाटा ह्यांच्याविषयी आहेत.

तो काळ डोळ्यांपुढे आणावयाचा तर आधी आपल्या घरातल्या कोनाड्याकडे पाहिले पाहिजे. अंगास लावावयाचे जे काही असे ते सारे तेथे किंवा स्वयंपाकघरात असे. दुधावरची साय, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, हळद, दिवाळीपुरते उटणे आणि थंडीत टाचांना भेगा पडल्या की कोकमाचे तेल. आमच्या आटगावच्या बाजूस, शहापूर-मुरबाडच्या रानात, मोहाच्या आणि करंजाच्या बियांचे तेल काढून ते अंगाला चोळण्याची चाल आहे; ती काही कोणी पुस्तकात वाचून घातलेली नव्हे. ह्यांपैकी कशालाही बाटली नव्हती, चिठ्ठी नव्हती, किंमतही नव्हती. आणि म्हणूनच त्यास कोणी नखराही म्हणत नसे.

बाजारात मिळे तो ‘स्नो’. मुंबईत पाटणवाला ह्यांनी १९१९ च्या सुमारास काढलेला अफगाण स्नो पुष्कळांच्या ऐकण्यात असेल. स्टिअरिक आम्ल थोड्या अल्कलीबरोबर पाण्यात घोटून हा लेप करतात. तो बर्फासारखा दिसतो म्हणून स्नो, आणि चोळताच दिसेनासा होतो हा त्याचा गुण. कोल्ड क्रीमची प्रकृती निराळी. त्यात तेल आणि मेण अधिक, पाणी कमी. त्याचा मूळ पाठ दुसऱ्या शतकातल्या गॅलेन नावाच्या ग्रीक वैद्याच्या नावावर मोडतो. थंड कोरड्या मुलखात हे क्रीम सुखावह वाटते, पण मुंबईच्या दमट हवेत तेच चेहऱ्यावर घामाबरोबर ओघळू लागते. युरोपातली बाटली जशीच्या तशी आणून येथे चालणार नाही, ह्याचे एक कारण इतके साधे आहे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली, तेव्हा श्रीमंत घरांतल्या विलायती प्रसाधनांवर होणारा खर्च सरकारच्या डोळ्यांत येऊ लागला. पंडित नेहरूंनीच जे. आर. डी. टाटा ह्यांना हा माल देशात तयार करण्याविषयी सुचविले, असे सांगतात. टाटा ऑइल मिल्स ही त्यांची तेल-साबणाची जुनी कंपनी होती; हमाम आणि ५०१ ह्या वड्या तिच्याच. तिच्या पोटी १९५२ साली लॅक्मे जन्मली. रोबेर पिगे आणि रेन्वार ह्या दोन फ्रेंच कंपन्यांचे साहाय्य तिला होते. नाव घेतले ते लेओ दलीब ह्याच्या १८८३ मध्ये पॅरिस येथे रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेवरून. त्या संगीतिकेची नायिका आहे हिंदुस्थानातली एक ब्राह्मणकन्या. तिचे नाव लक्ष्मी. फ्रेंच जिभेवर ते लॅक्मे झाले. आपल्याच लक्ष्मीने पॅरिसची वारी करून, नाव बदलून, मुंबईच्या दुकानात परत यावे आणि मग ग्राहकाने तिला परदेशी समजून विकत घ्यावे, ह्यात व्यापाऱ्याचे चातुर्य आहे हे कबूल केलेच पाहिजे.

सिमोन दुनोयर ह्यांचा जन्म १९३० साली जिनिव्हा येथे झाला आणि शिक्षणही तेथल्याच विद्यापीठात. १९५३ साली त्या प्रवासी म्हणून हिंदुस्थानात आल्या. येथे त्यांची नवल टाटा ह्यांच्याशी ओळख झाली आणि १९५५ मध्ये विवाह झाला. नवल टाटा हे वयाने त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी वडील. त्यांचे बालपण काही काळ पारशी अनाथाश्रमात गेले होते. तेथून लेडी नवाजबाई टाटा ह्यांनी त्यांना दत्तक घेतले. पहिल्या विवाहाचे त्यांचे दोन मुलगे, त्यांत थोरले रतन. अशा घरात एक परदेशी तरुणी सून म्हणून आली आणि १९६१ साली लॅक्मेच्या संचालक मंडळावर बसली. धंद्याचा पूर्वानुभव गाठीशी नव्हता. कंपनी तर लहानच होती, आणि पोलाद नि वीज ह्यांच्या गोष्टी बोलणाऱ्या टाटांच्या घराण्यात ओठांच्या लालीला कितीसे वजन असणार?

येथे कोणी म्हणेल, टाटांच्या सुनेला अडचण कसली? आक्षेप रास्त आहे. भांडवलासाठी तिला कोणाच्या दारी जावे लागले नाही. पोलंडमध्ये जन्मलेली हेलेना रुबिनस्टाइन ऑस्ट्रेलियात गेली आणि मेलबर्नमध्ये मलमाच्या डब्या विकत विसाव्या शतकाच्या आरंभी तिने आपले दुकान थाटले. त्या कष्टांशी ह्या कष्टांची तुलना होणार नाही. परंतु अडचण केवळ पैशाचीच असते असे समजणे ही पैसा नसलेल्या माणसांची, म्हणजे आम्हा मास्तरांची, जुनी खोड आहे.

पहिली अडचण लोकमताची होती. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरात कोणत्या सुरात उच्चारला जात असे, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. कुंकू, काजळ आणि मेंदी ही शालीनतेची लक्षणे. पण ओठांना रंग लावला की ती बाई नटवी, मग ती कितीही सद्गुणी का असेना. शिवाय बहुतेक गृहिणींच्या हाती स्वतःचा असा पैसा नसे. महिन्याच्या यादीत साबण आणि शिकेकाई बिनबोभाट लिहिता येत. क्रीमची बाटली लिहावयाची तर आधी ‘कशाला?’ ह्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागे. ज्या मालाला मागणी नाही तो विकणे कठीण खरेच, परंतु ज्या मालाची इच्छा आहे आणि तो मागण्याची लाज वाटते, तो विकणे त्याहून कठीण. लॅक्मेला नेमके तेच करावयाचे होते.

दुसरी अडचण कराची. सरकारच्या दृष्टीने प्रसाधने म्हणजे चैन, आणि चैनीवर कर बसवावयास कोणत्याही अर्थमंत्र्याला संकोच वाटत नाही. एके काळी हा अबकारी कर मालाच्या मूळ किमतीच्याही वर गेला होता. औषध म्हटले की कर हलका, प्रसाधन म्हटले की भारी, असा तो न्याय होता. त्याचा एक मासला आमच्याच ठाणे जिल्ह्याशी निगडित आहे. लॅक्मेच्याच वर्षी, १९५२ मध्ये, केशव विष्णू पेंढरकर ह्यांनी परळला विकोची सुरुवात केली. ह्या कंपनीचे हळदीचे क्रीम पुढे १९७५ साली बाजारात आले, आणि ते आयुर्वेदीय औषध की चेहऱ्याचे प्रसाधन ह्यावर अबकारी खात्याशी तिचा जो वाद जुंपला तो दिवाणी न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला. अखेरीस औषध ठरले. मराठी घराण्याने हळदीचा आश्रय घेतला आणि कराच्या तडाख्यातून ते सुटले. लॅक्मेला ती वाट नव्हती. तिला उघडपणे प्रसाधनच राहून, कर भरून, वर ग्राहकालाही परवडावयाचे होते.

मग बाईंनी केले काय? आरोळी ठोकून एकाएकी क्रांती केली, असे काही झाले नाही. वर्षामागून वर्षे माल सुधारणे आणि गिऱ्हाइकाची भीड चेपणे, हेच काम. ज्या लिपस्टिकच्या छटा गोऱ्या कातडीसाठी ठरविलेल्या, त्या सावळ्या वर्णावर राखाडी किंवा भडक दिसतात. तेव्हा छटा येथल्या वर्णास आणि मिश्रणे येथल्या हवेस जुळवून घ्यावी लागली. चेहरा स्वच्छ करावयाचे दुधी द्रव, थंडीतली लोशने ह्यांसारख्या वस्तू पुष्कळ घरांत रंगाच्या आधी शिरल्या. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्वचेची निगा ही आरोग्याच्या नावाखाली सासूबाईंसमोरही करता येते. ओठ रंगविण्याचा प्रश्न त्यानंतरचा. एकदा कपाटात बाटली उभी राहिली की तिच्या शेजारी दुसरी ठेवावयास जागा होते.

जाहिरातींतही हीच समज दिसते. १९८० नंतरच्या दशकात श्यामोली वर्मा ही तरुणी लॅक्मेच्या चित्रांतून घरोघर पोहोचली. तिच्या हाती आपली देशी वाद्ये दिलेली होती. अंगावर साज, मुद्रेवर प्रसाधन आणि मांडीवर वाद्य. पाहणाऱ्याला नटवेपणा आठवण्याऐवजी बैठकीतली गायिका आठवावी, अशी ती योजना. आमच्या समाजात कलावंतिणीलाही मान मिळावयास किती काळ लागला, हा भाग निराळा! परंतु चित्र परिणामकारक होते यात संशय नाही.

१९८२ साली सिमोनबाई कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. एव्हाना लॅक्मे हे नाव देशभर ओळखीचे झाले होते.

ह्या धंद्याची एक काळी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणले, आणि गोरेपणाचा लोभ ट्यूबमध्ये भरून विकला जाऊ लागला. वधूपरीक्षेत नाकारलेल्या सावळ्या मुलींच्या दुःखावर त्या ट्यूबचा खप वाढला, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांच्या टीकेनंतर २०२० साली नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. लॅक्मे सर्वस्वी निर्दोष होती असा दावा मी करणार नाही. स्त्रीच्या मनातल्या उणेपणाच्या भावनेला हात न घालता हा धंदा कोणालाच साधलेला दिसत नाही. तथापि येथल्या वर्णाला शोभतील अशा छटा करणे आणि तो वर्णच पालटून देण्याचे आश्वासन देणे, ह्या दोहोंत मला अंतर दिसते.

पुढे नव्वदीनंतर परदेशी मालासाठी दारे उघडली. रेव्हलॉनसारखी नावे येथे आली. जननी-कंपनी टाटा ऑइल मिल्स तर त्या आधीच हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली होती. १९९६ साली लॅक्मेने त्याच लिव्हरशी निम्म्या भागीचा करार केला आणि १९९८ साली आपली भागी व नाव त्यांना विकून टाकले. पस्तीसहून अधिक वर्षे वाढविलेले लेकरू प्रतिस्पर्ध्याच्या घरी द्यावयाचे, हा निर्णय पुष्कळांना रुचला नाही. मला तो धीराचा वाटतो. प्रचंड भांडवलाच्या कंपन्यांशी झुंजत नाव झिजू द्यावे, त्यापेक्षा ते ऐन भरात असताना विकावे, हा हिशेब भावनेला नसला तरी व्यवहाराला धरून होता.

विक्रीनंतर उरलेल्या कंपनीला ट्रेंट हे नाव मिळाले. लिटलवुड्सचे बंगळूरचे दुकान तिने घेतले, त्याचे वेस्टसाइड झाले, आणि तयार कपड्यांचा एक नवा व्यापार सुरू झाला. सिमोनबाईंचे पुत्र नोएल टाटा ह्यांनी पुढे तो वाढविला; २०२४ मध्ये ते टाटा विश्वस्त संस्थांचे अध्यक्ष झाले. सिमोन टाटा ह्यांचे ५ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांचे वय ९५ वर्षांचे होते. त्यांनी वाढविलेली लॅक्मे आज लिव्हरच्या मालकीची आहे, आणि तिच्या मालावर नाव मात्र तेच आहे, पॅरिसहून फिरून आलेल्या लक्ष्मीचे.