नोकरी सांभाळून उभा राहिलेला फोटो स्टुडिओ

सांवेरच्या आमच्या घरी बैठकीच्या खोलीत पणजोबांचा फोटो आहे. डोक्यावर पगडी, अंगात काळा कोट, शेजारी खुर्चीवर नऊवारीतल्या एक बाई. पणजोबांचे नाव घरात सर्वांना ठाऊक. पण त्या बाई पणजी की पणजोबांच्या बहीण, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. गेल्या वर्षी काच बदलायला फ्रेम उघडली, तेव्हा मागे नाव असेल अशी आशा होती. मागे कोरा पुठ्ठा निघाला. त्या निमित्ताने आपल्या भागातल्या फोटोच्या धंद्याची चौकशी सुरू केली, आणि गाठ पडली ती इंदूरच्याच एका सरकारी नोकराशी.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालचा, मेरठजवळच्या सरधना गावचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. आम्हीही डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलेलो, त्यामुळे हा माणूस आम्हाला लगेच आपल्यातला वाटला.

मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी. इंदूरला दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. तेव्हाचे काम मोठे कष्टाचे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. बाहेरगावी जायचे तर अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायने आणि काचांच्या पेट्या बरोबर. फोटो छापायच्या कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप असे. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात किती घरांनी हे जाणून फोटो भिंतीवर लावले असतील, देव जाणे!

धंदा वाढला तो ओळखीने आणि चोख कामाने. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि ज्यांच्या नावाने आपले डेली कॉलेज आहे ते सर हेन्री डेली, या दोघांनी त्यांना उत्तेजन दिले. १८७५-७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांचा दौरा झाला, त्याचेही फोटो त्यांनी काढले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य भारतात फिरले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची अशा ठिकाणच्या वास्तूंची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की एवढे होईपर्यंत त्यांनी नोकरी सोडली नव्हती. सुमारे दहा वर्षे पगार आणि कॅमेरा जोडीने चालले. मग आधी लांब रजा, आणि जम बसल्यावर नोकरीला रामराम. इंदूरपाठोपाठ सिकंदराबादला स्टुडिओ झाला. निजामाने त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमले. व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. पडद्यातल्या स्त्रिया पुरुषासमोर बसत नाहीत, हे ओळखून त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंकडे सोपवला. १८९६ मध्ये मुंबईलाही शाखा उघडली. गिऱ्हाईक दुकानात का येत नाही, याचा विचार करणारा दुकानदार असा असतो.

१९०५ मध्ये ते गेले, आणि तो पसारा पुढे तसा राहिला नाही. पण त्यांच्या अनेक फोटोंवर नंबर, ठिकाणाचे नाव आणि सही आहे. एस्टिमेट लिहिणाऱ्या हाताची ही शिस्त, असे आम्ही मानतो. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. राजवाडे गेले, संस्थाने गेली. पण त्या फोटोतले राजे कोण, वाडा कुठला, हे आजही सांगता येते.

आमच्या घरच्या त्या बाईंबद्दल मात्र काहीच सांगता येत नाही. त्यांनी या घरात आयुष्य काढले असेल, मुले वाढवली असतील, गौरी बसवल्या असतील. चेहरा उरला, नाव गेले.

म्हणून मंडळातील सर्व कुटुंबांना आमची विनंती. गौरीजेवणाला घरची वडीलधारी मंडळी एकत्र येतात. त्या दिवशी जुने फोटो खाली उतरवा. आजीला, काकूंना, आत्याला विचारा आणि मागच्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने नाव, नाते, गाव आणि साल लिहा. मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, त्यांचेही तेच. आम्ही ते काम आमच्या घरी उशिरा सुरू केले. तुम्ही उशीर करू नका.

गणपती बाप्पा मोरया!