छऱ्याची बंदूक, आठ चिमण्या आणि आपल्या मागचं जंगल

आज जरा वेगळा विषय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. आपल्या जोगेश्वरीच्या मागे जे जंगल उरलंय, त्याच्याशी हिचा थेट संबंध आहे.

अमेरिकेत वसंत ऋतू आला की हजारो माणसं पहाटेच्या अंधारात रानात जाऊन झाडाला पाठ टेकून बसतात. कशासाठी? तर रानटी टर्कीसाठी. हातात लाकडाची छोटी डबी असते. ती घासली की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो आणि तो ऐकून नर जवळ येतो. तिकडे हे बापाकडून, मामाकडून शिकायची रीत होती. आता बरेच जण एकट्याने शिकतात. त्यांना सगळ्यात आधी कळतं ते हे, की नेमबाजी हा त्यातला छोटा भाग आहे. तासन् तास न हलता बसणं, पक्षी रात्री कुठल्या झाडावर बसतो, पहाटे कुठे उतरतो, कशाला बिचकतो, हे समजून घेणं ही खरी विद्या.

टर्की आपल्याला अगदीच परकी नाही बरं का. जहांगीर बादशहाचा अधिकारी मुकर्रब खान याने गोव्यातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या बंदरातून, काही नवलाईचे प्राणी-पक्षी खरेदी करून १६१२ साली दरबारात नेले. त्यात टर्की होती. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. पण आपल्या रानात टर्की कधी नव्हती. आपल्याकडे मोर, रानकोंबडा, चकोत्री, तित्तर, लावे. आणि या पक्ष्यांमागे फिरत, कुणी न शिकवता शिकलेला एक मुलगा मुंबईतच होता.

त्याचं नाव सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून खेतवाडीत अमीरुद्दीन तय्यबजी या मामांकडे वाढला. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. पोरगा ती घेऊन चिमण्या मारत सुटला.

त्या वयातली, म्हणजे १९०६-०७ च्या सुमाराची, त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. घराच्या तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देत बसलेला. पोराने घोडागाडीच्या आडून नर टिपला. थोड्या वेळाने पाहतो तर मादीला दुसरा नर मिळालेला आणि तोही त्याच खिळ्यावर. तोही टिपला. मग तिसरा आला. सात दिवसांत एकाच जागेवर आठ नर मारले गेले, आणि पोराने ते वहीत लिहून ठेवलं.

वाचताना अंगावर काटा येतो. पण ते ‘लिहून ठेवलं’ विसरू नका. चिमण्या त्या काळात कितीतरी पोरांनी मारल्या असतील. मारता मारता ‘हा दुसरा नर आला कुठून?’ हा प्रश्न किती जणांना पडला असेल?

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला माहीत आहे. एक दिवस मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. हिला खाणं हलाल आहे का, म्हणून पोरगा मामांकडे गेला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, आपल्या बीएनएचएसमध्ये, पाठवलं. साल १९०८. तिथे मानद सचिव मिलर्ड साहेब भेटले. त्यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या भेटीने पोराची दिशा बदलली.

ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी सुरू केली होती. सहा युरोपियन आणि दोन आपले मराठी डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी भरपूर. कारण तेव्हा पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीनेच व्हायचा. मारा, सोला, भुसा भरा, मोजा. सालिम अलींनीही पुढे आयुष्यभर नमुन्यांसाठी पक्षी मारले, आणि ते लपवलं नाही. तेव्हा त्यांना अहिंसेचा पुतळा करण्यात अर्थ नाही.

बदल झाला तो वेगळाच. १९३० साली नोकरी हातात नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. पावसाळ्यात तिथे सुगरणीची वसाहत होती. त्यांनी घरट्यांशेजारी मचाणासारखी बैठक केली आणि नुसतं बघत बसले. नर अर्धं घरटं विणतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते, मग हा गडी दुसरं घरटं विणायला घेतो दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी जगाला नीट समजावून सांगितलं. तबेल्यातल्या चिमणीला दुसरा नर कुठून मिळतो आणि सुगरण नराला दुसरी मादी कशी मिळते, प्रश्न एकाच जातीचे. फक्त या वेळी उत्तरासाठी आठ जीव घ्यावे लागले नाहीत. शिकाऱ्याचं निम्मं शिक्षण, म्हणजे आडोसा धरून गप्प बसणं, तसंच कामी आलं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती शाळेच्या पुस्तकात नसते.

ज्या वर्षांत खेतवाडीतला मुलगा छऱ्याच्या बंदुकीने शिकत होता, त्याच काळात महाराष्ट्राच्या माळरानांवर फासेपारध्यांची पोरं तित्तर धरायला शिकत होती. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. बारीक दोऱ्यांचे फास, पाळलेला तित्तर आणि तोंडाने काढलेला हुबेहूब आवाज, एवढंच. पाळलेला तित्तर ओरडला की रानातला नर भांडायला येतो आणि फासात अडकतो. अमेरिकेतल्या त्या लाकडी डबीचंच हे तत्त्व, आणि इथे ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं.

या विद्येचं त्यांना काय मिळालं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सगळ्या ब्रिटिश मुलखात झाली. पारध्यांच्या जन्मावरच शिक्का बसला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ ला. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं वाट पाहावी लागली. शिक्का तर अजून पुसलेला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड कुठल्या वस्तीवर पडते, हे बातमीदारीत असलेल्या कुणालाही विचारा.

आणि त्याच काळात साहेबलोक काय करत होते? १२ नोव्हेंबर १९३८ ला भरतपूरच्या तलावावर व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. आकडा दगडावर कोरून ठेवलाय, आजही वाचता येतो. पोटासाठी चार तित्तर धरणारा गुन्हेगार, आणि चार हजार मारणाऱ्याचा शिलालेख!

म्हणजे एकट्याने शिकार शिकणारा पोरगा पुढे काय होणार, हे त्याच्या हुशारीवर जितकं अवलंबून होतं, तितकंच चिठ्ठी देणारा मामा घरात आहे की नाही यावरही होतं. सालिम अलींचं मोठेपण यात कमी होत नाही. उलट त्यांनी स्वतः ही दरी थोडी तरी ओलांडली. १९५९ पासून बीएनएचएसने पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. पक्षी न दुखवता धरायचा कसा? पदवीधरांना ते येत नव्हतं. तेव्हा परंपरेने पक्षी धरणारी माणसं बोलावली गेली. बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन हे त्यातलं मोठं नाव. तेच फास, तेच आवाज. फरक इतकाच की धरलेला पक्षी कडी घालून सोडून द्यायचा. आपल्या मारुती चितमपल्लींनीही वनखात्यात राहून पारधी, गोंड, माडिया अशा माणसांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी गोळा केल्या, म्हणून मराठीला त्यांचा पक्षीकोश मिळाला. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, ते गेले.

आता आपल्या दाराशी येऊ. साष्टी बेटाचं रान म्हणजे आजचं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि आरे. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर पुस्तक केलं, १९४१ साली. अब्दुलअलींनीच पुढे मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षण कायद्यासाठी खटपट केली. मग १९७२ चा देशाचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवानेही संपले. माझं मत स्पष्ट आहे. हे योग्यच झालं. कुणी म्हणेल, अमेरिकेत शिकारी आहेत म्हणूनच टर्की वाचली. खरं आहे, तिथे १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर घेऊन तो पैसा वन्यजीवांवर लावतात आणि संपत आलेली टर्की आज लाखोंच्या संख्येत आहे. पण तिकडची मोकळी राज्यंच्या राज्यं कुठे आणि दोन कोटी माणसांनी वेढलेलं आपलं शंभर चौरस किलोमीटरचं जंगल कुठे. इथे बंदूकही नको आणि तारेचा फासही नको. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो, आणि त्याचं मरण फार वाईट असतं.

पण बंदी घालताना आपण शिकारीबरोबर शिकाऱ्याचं ज्ञानही फेकून दिलं. आरेच्या पाड्यांवरची वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबं ही १९४९ ला दूध कॉलनी झाली त्याच्या आधीपासून तिथे आहेत. वाघोबाला पुजतात, बिबट्याच्या वाटेवर राहतात. पावलाचा ठसा बघून जनावर कधी गेलं हे सांगणारे म्हातारे अजून आहेत, पण फार दिवस नसतील. त्यांची नातवंडं सीप्झला हाउसकीपिंगला जातात, नाहीतर जेव्हीएलआरवर डिलिव्हरी करतात. त्यांना त्यात दोष नाही, पोट आहे. पण आरेच्या ८१२ एकरांना राखीव जंगलाचा दर्जा देताना त्या जंगलाची वाट माहीत असलेल्या माणसाला आपण काय दर्जा दिला? बाहेरून पक्षी बघायला येणारे हजारोंचा कॅमेरा घेऊन येतात. त्यांना चकोत्री कुठे दिसते हे दाखवणारा पाड्यावरचा पोरगा असेल, त्याला रीतसर प्रशिक्षण, ओळखपत्र आणि दिवसाचे पैसे मिळतील, तर यात अवघड काय आहे? गस्तीला, कॅमेरा ट्रॅपच्या कामाला, शाळांच्या सहलींना हीच माणसं घेतली तर?

आपल्या वस्तीत आजही एखादा पोरगा गलोल घेऊन फिरताना दिसतो. त्याला ओरडा, गलोल काढून घ्या, जरूर. पण त्यानंतर एक प्रश्न विचारा, की बाबा, तो पक्षी त्या झाडावर रोज किती वाजता येतो? त्याला उत्तर येत असेल तर त्या पोराला कुणीतरी चिठ्ठी द्यायला हवी. मिलर्ड साहेबांच्या सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला, फिल्मसिटी रोडवर आहे. जोगेश्वरीहून फार लांब नाही.

वॉर्डातल्या नगरसेवकांपर्यंत, वनखात्यापर्यंत हा विषय न्यायचा आहे. पाड्यांवर ओळख असेल, घरातल्या आजी-आजोबांना पक्ष्यांची जुनी नावं, आवाज, खुणा आठवत असतील तर खाली लिहा. आठवणीतलं एक नावसुद्धा चालेल.